गोडं तेल, तीन हात

बाबा,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही. विसरले नाही, मुद्दाम सोडलंय. दोन वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नव्हती आणि आज लिहायला बसलेय ती भांडायला. तेही कशावरून? तेलावरून!

माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्याची फळी या क्षणी अंगणात सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवलेली आहे. पहिला हात लावून झालाय. रुपजीकाका दुपारच्या जीपने तलासरीला परत गेले. माझ्या बोटांना अजून तेलाचा वास येतोय, आणि तो वास मला लहानपणापासून माहीत आहे हे मला काल कळलं. म्हणून आज लिहितेय. उद्या कदाचित राग थोडा निवळेल आणि मग मी गोड गोड लिहीन. तसं लिहायचं नाहीये मला.

तुम्हाला आठवतंय का दवाखान्यातलं आपलं शेवटचं बोलणं? मी डोक्याशी बसले होते. तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलंत, फळी बसली का. मी म्हटलं, बसली. मग तुम्ही म्हणालात, “वरच्या अंगाला गोडं लाव. तीन हात. घाई करू नको.” एवढं बोलून तुम्ही सुधीरकडे पाणी मागितलंत आणि झोपलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही नव्हता.

लोकांचे वडील जाताना डोक्यावर हात ठेवतात, सुखी राहा म्हणतात, निदान जेवलीस का ते तरी विचारतात. माझ्या वाट्याला तेल आलं! तेव्हा मी रडले, पण खरं सांगते, तेव्हापासूनच चिडलेही होते.

तरी तुमचा शब्द पाळला. तेरावं झाल्यावर वरोरच्या माहेराहून डहाणूला घरी आले ती पिशवी टाकून सरळ घाण्यावर गेले. शेंगदाण्याचं ताजं तेल आणलं, चांगलं बघून, वास घेऊन. गोडं तेल म्हणजे काय हे मला कोणी सांगायला हवं होतं का? सगळा महाराष्ट्र ज्याला गोडं तेल म्हणतो तेच आणलं. जुनी सुती साडी फाडून बोळा केला आणि तीन दिवस तीन हात दिले. घाई केली नाही. प्रत्येक हाताला तुमची आठवण काढली. मूर्खासारखी!

पहिले आठ दिवस फळी अशी दिसत होती की शेजारच्या बायका बघायला आल्या. साग तुमचा, जुन्या घराच्या तुळईतून काढलेला, सात फूट लांब, आणि दोन फळ्यांचा सांधा कुठे आहे ते नख फिरवूनही कळत नव्हतं. सगळ्यांच्या घरी कडप्पा नाहीतर ग्रॅनाइट. माझ्याकडे लाकूड! मी मिरवत होते. माझे वडील होड्या बांधायचे, त्यांनी केलंय, असं दहा जणींना सांगितलं.

मग चिकटायला लागली. आधी वाटलं हवेचा परिणाम. कणीक पडली की निघेना, पुसलं की फडक्याचे धागे लागून राहात. पावसाळा आला तशी काळी पडली. मुंग्या आल्या. मुंग्यांमागून झुरळं आली. आणि वास! तुम्हाला माहीत आहे मी या ओट्यावर रोज दीडदोनशे पोळ्या लाटते, डहाणूतल्या शाळेत आणि बँकेत माझे डबे जातात. एक दिवस बँकेतल्या मॅडमनी फोन केला. फार सभ्य बाई. म्हणाल्या, रागावू नका, पण पोळीला जुन्या फरसाणाच्या डब्यासारखा वास येतो. मी फोन ठेवला आणि ओट्यावर नाक टेकवलं. खरंच येत होता.

त्या दिवशी मला लाज वाटली, बाबा. आधी माझी आणि मग तुमची.

मी काय काय केलं ते ऐका आता. लिंबू घासलं. सोड्याने धुतलं. सासूबाई म्हणाल्या खोबरेल लाव, ते लावलं, तर खवट वासात खोबरेलाचा वास मिसळला. मग मला वाटलं तीन हात पुरले नसतील, म्हणून पुन्हा शेंगदाण्याचंच तेल पाजलं! हो, पुन्हा तेच. तुम्ही चुकीचं सांगाल हे डोक्यातच येत नव्हतं ना. हार्डवेअरवाला म्हणाला, ताई, चकाचक पॉलिश मारून घ्या, काचेसारखं होईल. पण त्याच्यावर पोळी लाटायची का विचारलं तर म्हणाला, लाटू नका. ह्यांनी मोबाईलवर व्हिडिओ लावून दिले. कुठल्यातरी देशातला दाढीवाला माणूस असाच ओटा घेऊन उभा, आणि लावतोय असलं तेल की ज्याचं नाव डहाणूपासून वापीपर्यंत एका दुकानदाराने ऐकलेलं नाही.

शेवटी सुधीरला फोन केला. तुमच्या लेकाला, ज्याला तुम्ही बारा वर्षं मानगूट धरून होड्यांच्या कारखान्यात बसवलंत. ज्याला रंधा धरता येईना म्हणून तुम्ही ओरडायचात आणि तो वैतागून समुद्रावर पळून जायचा. विचारलं, बाबा ओट्याला कुठलं तेल म्हणाले असतील रे? तो म्हणाला, मला काय माहीत, मी कुठे लक्ष दिलं. वापीच्या कंपनीत तो सुखात आहे. त्याच्यावर मला राग नाही. त्याने कधी मागितलंच नव्हतं.

मी मागितलं होतं.

बारा वर्षांची असताना दारात उभं राहून मी म्हटलं होतं की मलाही शिकवा. आठवतंय? तुम्ही वर बघितलंही नाहीत. होडी उभी आहे, बायकांनी आत यायचं नाही, एवढंच म्हणालात. बरं, होडी पाण्यात गेली. कारखाना रिकामा झाला. मी पुन्हा आले. तेव्हा काय म्हणालात? आता पाट करायचेत, मध्ये येऊ नको. पाटाला कसला आलाय विटाळ? मी विचारलं नाही. उंबऱ्यावर बसले आणि बसून राहिले. शाळेतून आले की दप्तर टाकून तिथेच. चार-पाच वर्षं! आई म्हणायची, हिला घरात दुसरी जागा नाही का.

तर फळीचं. मी ग्रॅनाइट लावायचं ठरवलं होतं. खरं सांगते, ठरवलं होतं. तुमची फळी कुणाला तरी बाकड्यासाठी देऊन टाकणार होते. तेवढ्यात हे धक्के सुरू झाले. तुम्ही असताना नव्हते ते. आता डहाणू-तलासरीकडे जमीन अधूनमधून हलते, भांडी वाजतात, लोक बाहेर पळतात. एका धक्क्याने ओट्याखालच्या भिंतीला तडा गेला. गवंडी म्हणाला, फळी उचलल्याशिवाय भिंत करता येणार नाही. मी म्हटलं, उचल, नाहीतरी काढायचीच आहे.

दोघांनी ती उचलली आणि भिंतीला उभी केली, उलटी. आणि मी बघत राहिले.

खालचं अंग मधासारखं होतं. वरचं अंग काळं, चिकट, झुरळांनी तुडवलेलं, आणि खालचं कोरडं, घट्ट, हात फिरवला तर हाताला काही लागत नव्हतं. दोन वर्षं तेही त्याच स्वयंपाकघरात होतं, वाफेत, पावसाळ्यात. ते तुम्ही कारखान्यात असताना स्वतः केलेलं. कोपऱ्यात तुमची पेन्सिल होती. तुमचं ते वाकडं ‘ग’. गोडं, ३ हात.

गवंड्यासमोर मी काय काय बोलले ते लिहीत नाही. गोडंच लावलं होतं मी! तुम्ही लावलेलं गोडं असं, आणि मी लावलेलं गोडं असं का? गवंड्याला वाटलं त्याला बोलतेय, तो बिचारा बाहेर जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी डबे उरकून तलासरीची एसटी पकडली. रुपजीकाकांशिवाय कोण सांगणार होतं? तीस वर्षं तुमच्या हाताखाली काम केलेला तो एकच माणूस उरलाय. एसटीतून उतरून पाड्यापर्यंत चालत गेले. धक्क्यांच्या भीतीने घरातली सगळी अंगणात ताडपत्रीखाली बसली होती. काका नाचणी पाखडत होते. थकलेत फार. मला बघून आधी रडले, मग चहा ठेवायला लावला. मी पिशवीतून तेलाची बाटली काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं.

त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. मग बाटली माझ्याकडे सरकवली.

“बाय, हा तं खायाचा तेल हाये.”

मी म्हटलं, गोडं तेल खायचंच असतं ना.

“तो लोकांचा गोडा. आमचे कारखान्यात दोनच तेल. होडीला लागल तो कडू, उंडीचा. हातातोंडाला लागल तो गोडा. पाट, लाटना, काठवट. गोडा म्हंजे जवस.”

जवस! अळशी! माझ्या आईच्या काठवटीला जे लावायचात ते. सुकून लाकडात घट्ट बसतं ते. आणि शेंगदाण्याचं तेल कधी सुकतच नाही, ते नुसतं बसून कुजतं. एक शब्द होता, बाबा. दवाखान्यात तुम्ही दहा शब्द बोललात, त्यात एक जवस म्हणायला काय झालं होतं? सगळ्या जगाने एका तेलाला ठेवलेलं नाव तुम्ही दोघा-तिघांनी उचलून दुसऱ्याच तेलाला दिलंत, आणि ते मला न सांगता मरून गेलात! कुठली तुमची ही भाषा? एका पत्र्याच्या शेडमध्ये बोलली जाणारी!

हे सगळं मी काकांसमोर बोलले. मोठ्याने. त्यांची सून चहा घेऊन तशीच उभी राहिली. काकांनी सगळं ऐकून घेतलं, आणि माझं संपल्यावर म्हणाले,

“मी बोललू त्याला. पोरीला नाव लिवून दे, तिला नाय समजायचा. तो सांगं, तिला काय लिवून द्यायचा? ती आपले कारखान्यातली हाये. सगला ऐकलाय तिनी.”

हे तुम्ही कधी म्हणालात? फळीचं खालचं अंग करताना, काका सांगत होते. म्हणजे तुम्ही चालते-फिरते असताना. म्हणजे मी महिन्यातून दोनदा वरोरला येत होते तेव्हा. तेव्हा मला का नाही म्हणालात? काकांना सांगितलंत! मला सांगायचं सोडून काकांना!

परत येताना एसटीत खिडकीशी बसून मी इतकी रडले की कंडक्टरने विचारलं, कोण गेलं का. दोन वर्षांपूर्वी गेलं, असं कसं सांगणार त्याला.

मी कारखान्यातली होते का, बाबा? मग आत का नाही घेतलंत? तुम्हाला माझं उंबऱ्यावर बसणं दिसत होतं, तर. मला वाटायचं तुमचं लक्षच नसतं. मी मोजत होते, तुम्ही किती वेळा माझ्याकडे बघता. आणि तुम्ही मनातल्या मनात मला आत घेऊन मोकळे झाला होतात. मला न कळवता! तुमच्या हिशेबी मला सगळं येत होतं, कारण मी सगळं ऐकलं होतं. ऐकलं होतंच. “रुपजी, गोडं आण,” हे मी शंभर वेळा ऐकलंय. पण बाटली कोपऱ्यातल्या फळीवर असायची, रंध्याच्या बाकामागे, आणि उंबऱ्यावरून तो कोपरा दिसत नाही. ऐकू येत होतं, बाबा. दिसत नव्हतं. तुम्ही एकदा तरी माझ्या जागेवर बसून बघायचंत.

म्हणजे त्या दवाखान्यात तुम्ही माझ्याशी रुपजीकाकांशी बोलावं तसं बोललात. कारागिराशी बोलावं तसं. सुधीर तिथेच उभा होता आणि तुम्ही काम मला सांगितलंत. हे आता कळतंय. आता काय करू मी त्याचं? तेव्हा कळलं असतं तर तुमचा हात धरून बसले असते. मी तर रागाने खिडकीबाहेर बघत बसले होते.

काका परवा आले, दोन दिवस राहिले. त्यांच्या हाताला कंप सुटलाय. मला वाटलं होतं ते करतील आणि मी बघेन, तीच जुनी सवय. ते खुर्ची घेऊन अंगणात बसले आणि काचेचा तुकडा माझ्या हातात दिला. वरचा काळा थर मी खरवडला. भुसा उन्हात तापवून फळीवर पसरला, त्याने जुनं तेल ओढून घेतलं, तो झाडून पुन्हा नवा पसरला, असं सहा वेळा. मग रंधा. माझा पहिला रंधा, बाबा, बेचाळिसाव्या वर्षी! तो फळीत रुतला आणि मी शिवी दिली. काका म्हणाले, तुझा बाप पण हीच शिवी द्यायचा.

तेल आणायला गेले तर रंगाच्या दुकानातल्याने जवसाचंच उकळलेलं तेल पुढे केलं, लवकर सुकतं म्हणाला. काकांनी फोनवर सांगितलं होतं की त्यात सुकायचं औषध असतं, दाराला चालेल, पोळपाटाला नाही. मग घाण्यावर जाऊन कच्चं काढून आणलं. तोच घाणा, तोच माणूस. दोन वर्षांपूर्वी मी तिथेच उभी होते, हाताच्या अंतरावर दुसऱ्या डब्यात जवस होतं. अगदी पातळ हात द्यायचा, लाकूड पिईल तेवढंच, उरलेलं पुसून घ्यायचं. वर वर्तमानपत्र ठेवून उचललं आणि चिकटलं नाही की मग दुसरा. पुसलेल्या चिंध्या पाण्याच्या बादलीत. तुम्ही त्या बुडवायचात ते मी रोज बघायचे, ते उंबऱ्यावरून दिसायचं. मला वाटायचं तुम्हाला स्वच्छतेची आवड. त्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेतात हे मला काल कळलं. हेही नाही सांगितलंत! मी ती साडीची फडकी बोळा करून सिलिंडरशेजारी कोंबली होती. शेंगदाण्याचं तेल होतं म्हणून वाचले असेन, एवढाच त्या तेलाचा उपयोग.

राग गेलेला नाही. काम करताना जाईल असं वाटलं होतं, उलट वाढला. काम इतकं सुंदर आहे म्हणून वाढला. हे मला तीस वर्षं आधी मिळायला हवं होतं.

आणि एक सांगते, कबूल करायला जड जातंय. माझ्याकडे सविता येते पोळ्या लाटायला, सहा महिने झाले. काल तिने भाजीत मीठ जास्त घातलं आणि मी ओरडले, तुला बेताने घाल म्हटलं होतं ना. ती म्हणाली, ताई, बेताने म्हणजे किती ते तुम्ही एकदा पण दाखवलं नाही. फळी बाहेर उन्हात पडली होती. तुमचीच मुलगी निघाले मी. याचाही राग तुमच्यावरच!

आज पहिला हात देताना तिला बोलावलं. तिने विचारलं, हे कसलं तेल. मी सगळं सांगितलं, कडूचं, गोड्याचं, चिंध्यांचं. बोळा तिच्या हातात दिला. तिने टोकाकडचा एक हातभर भाग केला, जरा जाड लागलाय. मी पुसून घेतला आणि का पुसला ते सांगितलं.

तर बाबा, वचन देते. आणखी दोन हात देईन. घाई करणार नाही. ग्रॅनाइट येणार नाही. बाटली मी डोळ्यासमोरच्या फळीवर ठेवलीय आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, जवस. त्याखाली कंसात तुमचा शब्दही लिहिलाय, कारण तो मरायला नको. जो विचारेल त्याला सांगेन, आणि जो विचारायला घाबरून नुसता दारात उभा असेल त्याला आधी आत बोलावेन. आणि तीन हात पूर्ण झाले की फळी बसवण्याआधी तिच्या खालच्या अंगाला, तुमच्या पेन्सिलीशेजारी, मी माझं नाव लिहिणार आहे. तुम्ही लिहायला हवं होतंत.

तुमच्या कारखान्यातली,
नंदा